विचारून जोडलेले नाते

(मळवली येथे तरुण मुलामुलींपुढे व त्यांच्या वडीलधाऱ्यांपुढे केलेले भाषण)



भाताची झोडणी उरकली, पेंढा रचून झाला, म्हणून आज एवढी मंडळी अंगणात बसलेली दिसते. आम्ही शास्त्री नव्हे आणि वक्तेही नव्हे. वाकस आणि रंधा धरून आमचा जन्म गेला. बोलावणे घेऊन आलेली मुले म्हणाली, "दादा, आम्हाला नात्यांवर काही सांगा. मैत्री कशी करावी, लग्नाचे माणूस कसे निवडावे, घरी कसे सांगावे, हे कोणी बोलतच नाही." आम्ही म्हटले, अरे बाबांनो, सुताराने चौकटीवर बोलावे, नात्यावर काय बोलावे? तेव्हा त्यांतली एक मुलगी चटकन म्हणाली, "चौकटही सांध्यावरच उभी राहते ना, दादा?" आम्ही निरुत्तर झालो आणि आलो.

इथून लोहमार्ग ओलांडून, इंद्रायणीच्या पलीकडे गेले की कार्ल्याचा डोंगर. आपण सगळे एकवीरा आईला जातो, नारळ फोडतो, आणि शेजारच्या लेण्याकडे पाठ करून खाली उतरतो. त्या लेण्याच्या दारावर धेनुकाकट गावच्या एका सुताराचे नाव कोरलेले आहे. त्याचे नाव सामि, बापाचे नाव वेणुवास. दाराचे काम त्याने केले, असे तो लेख सांगतो. दोन हजार वर्षांच्या आसपासची ही गोष्ट. वैजयंतीच्या भूतपाल शेठीचे नाव तेथे आहे, तसे आमच्या धंद्याच्या माणसाचेही आहे. आम्हास याचा अभिमान वाटतो, तो लपवीत नाही.

पण आज सांगावयाचे आहे ते दाराच्या बाजूचे. त्या दर्शनी भिंतींवर स्त्रीपुरुषांची जोडपी कोरलेली आहेत. शाळेच्या सहलीची पोरे त्यांकडे पाहून फिदीफिदी हसतात आणि मास्तर त्यांना घाईने पुढे हाकतात. आम्ही मात्र कारागिराच्या नजरेने ती पुष्कळदा पाहिली. बाई पुरुषाच्या पायाशी बसलेली नाही, मागे घुंगट ओढून उभी नाही. दोघे शेजारी शेजारी, उंचीने जवळपास सारखे, एकाच दगडातून निघालेले. ज्याने ते कोरले त्याच्या डोळ्यांपुढे असे जोडपे कोठेतरी असलेच पाहिजे; हाताला जे ठाऊक नाही ते छिन्नी काढीत नाही. मग ते शेजारी उभे राहणे आमच्या घरांतून गेले कोठे?

ही गोष्ट दुसऱ्यांच्या घरावर ढकलीत नाही. आमच्याच घरचे सांगतो.

सन १९७५ साली आमच्या धाकट्या बहिणीचे लग्न झाले. ती सोळा वर्षांची होती. त्या वेळी कायद्याने मुलीला पंधरा पुरे होते. अठरा व एकवीस ही आजची वये १९७८ साली आली. पलीकडच्या खोऱ्यातले घर, बऱ्यापैकी जमीन, दारात बैलजोडी. वडिलांनी बैल पाहिले, आम्ही जमीन पाहिली. मुलगा कोणी नीट पाहिला नाही, आणि बहिणीला तर कोणी काही विचारलेच नाही. विचारावयाचे असते हेच ठाऊक नव्हते. तीन वर्षांनी श्रावणातल्या एका रात्री शेवटच्या गाडीने ती एकटी मळवलीस उतरली आणि भिजत घरी आली. आईने तिला कोरडे लुगडे दिले, भाकरी वाढली. ती खाली मान घालून जेवली. आम्ही सगळे जागे होतो. एकानेही "काय झाले?" असे विचारले नाही. विचारले तर उत्तर ऐकावे लागेल, ही भीती. सकाळी आम्ही स्वतः तिला गाडीत बसवून सासरी पोहोचवून आलो, आणि पावण्यांची माफीसुद्धा मागून आलो! तिच्या पाठीवर काय होते ते आमच्या कुटुंबाने आम्हास नऊ वर्षांनी सांगितले.

बहीण आज आहे. भाऊबीजेला येते, ओवाळते. पण त्या रात्रीनंतर ती आमच्याशी मोकळेपणाने कधी बोलली नाही. नवऱ्याचे आणि तिचे नाते जुळलेच नव्हते. भावाचे आणि तिचे नाते मात्र आम्ही आमच्या हाताने मोडले.

म्हणून पोरांनो, नाते म्हणजे काय हे आम्हास कोणी विचारले तर आम्ही एवढेच सांगतो की, समोरच्या माणसाला विचारावे, त्याचे उत्तर पुरते ऐकावे, आणि उत्तर आपल्या मनासारखे नसले तरी ते पोटात घालावे. यातले तिसरे सर्वांत अवघड.

आता तुम्ही म्हणाल, हे सारे शहरातल्या शिकलेल्यांचे थेर. आपल्या शेतकऱ्या-कारागिरांत असे कोठे होते? होते. जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांचे घर पाहा. तसबिरीला हार घालण्यापुरते ते घर आपल्याला ठाऊक आहे. आत शिरून त्यांचा संसार कसा चालला हे कोणी पाहत नाही. त्यांचे लग्न १८४० साली झाले तेव्हा जोतीराव तेरा वर्षांचे आणि सावित्रीबाई नऊ वर्षांच्या. त्यांनाही कोणी विचारले नव्हते. ते नाते जोडले थोरांनी, पण घडविले त्या दोघांनी. जोतीरावांनी आपले अक्षर बायकोला दिले, आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा ती शिकवावयास उभी राहिली. गोविंदरावांवर भाऊबंदांचा दाब आला आणि १८४९ साली दोघांना घर सोडावे लागले. त्या वेळी बाईने माहेरची वाट धरली असती तर कोणी नाव ठेवले नसते. ती नवऱ्याबरोबर बाहेर पडली. उस्मान शेख या मित्राने त्यांना थारा दिला. मित्र कशास म्हणावे याचा विचार करताना हे घर ध्यानात ठेवा. सगळी आळी दार लावून घेते तेव्हा ज्याचे दार उघडे असते तो मित्र. लोहगडाच्या पायथ्याला रविवारी बाटल्या घेऊन बसणारे आठ जण तुम्हाला मित्र वाटतात. त्यांतला एक तरी तुम्हाला "आता पुरे" म्हणतो का, ते पाहावे.

पुढे या जोडप्याला मूल झाले नाही. त्या काळी याचे औषध एकच, दुसरी बायको. जोतीरावांनी ते औषध घेतले नाही. आज गावोगाव लग्नाला दोन वर्षे झाली नाहीत तोच सासूसासरे सुनेकडे बोट दाखवू लागतात, आणि मुलगा भिंतीकडे तोंड करून बसतो. त्याने एक वाक्य बोलावयाचे असते, ते तो बोलत नाही. असो.

सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे छापलेली आहेत. पहिले १८५६ सालचे, माहेराहून, नायगावाहून. बाई आजारातून उठत होत्या. सख्खा भाऊ म्हणू लागला की, तुम्ही नवराबायको महारमांगांसाठी काम करता, वाळीत पडला आहात, हे बरे नव्हे. बाईने भावाशी वाद घातला, नवऱ्याच्या कामाची बाजू त्याला समजावून दिली, आणि ते सारे नवऱ्याला कळविले. रुसवा नाही, लपवाछपवी नाही.

दुसरे पत्र २९ ऑगस्ट १८६८ चे, तेही नायगावाहूनच. आज आम्ही येथे आलो ते बरेचसे या पत्रासाठी. गावात गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण होता, पंचांग सांगून पोट भरणारा. शारजा नावाच्या महार मुलीचे आणि त्याचे मन जुळले. तिला दिवस गेल्याचे कळताच गाव खवळले. दोघांना मारीत, धिंड काढीत लोक निघाले. जीवच घ्यावयाचा बेत होता. सावित्रीबाई धावत मध्ये गेल्या. खून केलात तर सरकार तुम्हाला सोडणार नाही, असा धाक त्यांनी घातला. शेवटी दोघांनी गाव सोडावे एवढ्यावर लोक थांबले, आणि बाईंनी त्या दोघांना सरळ पुण्यास जोतीरावांकडे पाठवून दिले. एकशेपन्नासांहून अधिक वर्षे झाली. आजही वर्तमानपत्रात दर थोड्या दिवसांनी असाच मजकूर येतो, फक्त गावाचे नाव निराळे असते आणि पुष्कळदा मध्ये धावणारे कोणी नसते.

या पत्रातली एक बारीक गोष्ट आम्हास फार मोलाची वाटते. बाईंनी त्या दोघांना पाठवून दिले आणि तसे नवऱ्याला कळविले. "पाठवू का?" असे विचारीत बसल्या नाहीत. एवढा वेळ आम्ही विचारा, विचारा म्हणतो आणि येथे न विचारण्याची तारीफ करतो, असे कोणी म्हणेल. पण अठ्ठावीस वर्षांच्या संसारात इतके विचारणे-सांगणे झालेले होते की, दारात आलेल्या त्या पोरांना जोतीराव परत लावणार नाहीत हे बाईंना आपल्या हाताइतके ठाऊक होते. भरवसा असा शिलकीत पडतो. तो एका दिवसात, एका गोड निरोपाने येत नाही.

आता लग्नाकडे येतो. २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह झाला. भटजी नाही, वाजवी खर्च. हे सर्वांस माहीत आहे. पण त्या विधीचा गाभा निराळा आहे. जोतीरावांनी जी मंगलाष्टके रचली त्यांत वधू आणि वर स्वतः बोलतात. वधू बायकांच्या हक्काची गोष्ट काढते, वर ते कबूल करतो, आणि हे सर्व जमलेल्या सोयऱ्यांच्या समक्ष. नाहीतर आपल्या मांडवात काय होते? दोघे सोडून सगळे बोलतात! मामा बोलतो, भटजी बोलतो, पुढारी येऊन अर्धा तास भाषण करतो, आता तर ध्वनिक्षेपकावर आहेराची यादीही वाचतात. ज्यांचे लग्न ती दोन माणसे मुकी.

जोतीराव-सावित्रीबाईंनी काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला होता, यशवंत. विधवेचा मुलगा म्हणून त्याला मुलगी देण्यास लोक कचरत. ग्यानोबा कृष्णाजी ससाणे यांनी आपली राधा दिली. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी लग्न झाले. पण त्यापूर्वी सावित्रीबाईंनी काय केले? राधेला आधी आपल्या घरी राहावयास आणले. मुलाची आणि मुलीची ओळख व्हावी, एकमेकांचा स्वभाव कळावा, आणि तिला अभ्यासास वेळ मिळावा म्हणून तिच्या वाटची घरकामे बाईंनी स्वतः केली. जोतीरावांना १८८८ साली पक्षाघात झालेला, घरात दुखणे, हाती पैका नाही. तरी ही सासू होणाऱ्या सुनेला म्हणते, तू पुस्तक घे, भांडी मी घासते. हे १८८९ साली! आणि आज आपल्याकडे "मुलगी बघणे" म्हणजे पोह्यांची बशी, पंधरा मिनिटे, बारा माणसे, "स्वयंपाक येतो का?" आणि उठले पावणे.

खरे तेही सांगितले पाहिजे. यशवंत त्या वेळी पंधरा-सोळा वर्षांचा होता. आजच्या कायद्याने ते लग्न झालेच नसते, आणि न होणे योग्यच. थोरांनी जे केले ते सगळे जसेच्या तसे गिरवावयाचे नसते. ओले लाकूड चौकटीला लावले की त्या दिवशी सांधा घट्ट दिसतो. उन्हाळ्यात लाकूड वाळते, आक्रसते, आणि कुसू खाचेतून सुटते. लाकूड आधी वाळू द्यावे लागते. पोरांनो, तुमचे वय वाढू द्या, हाताला काम लागू द्या. वीस वर्षांच्या मुलाला "आता उरकून टाका" म्हणणाऱ्या आत्याबाईंना नम्रपणे सांगा की लाकूड अजून ओले आहे.

या बाजूची आणखी एक तक्रार आमच्या कानी सारखी येते. "दादा, आमच्या पोराला मुलगी मिळत नाही." कोणाच्या पोराला? तर ज्याने बापजाद्यांची इंद्रायणीकाठची भातजमीन बंगलेवाल्यांना गुंठ्यागुंठ्याने विकली, पांढरी गाडी घेतली, गळ्यात साखळी घातली. लोक त्याला गुंठामंत्री म्हणतात. हा म्हणतो, माझ्याकडे काय कमी आहे? अहो, समोरची मुलगी पहाटे लोकलने पुण्याला जाते, शिकते, नोकरी धरते, रात्री परत येते. ती विचारते की, पैसे संपल्यावर तुम्ही काय करणार? मला नोकरी करू देणार का? रागावलात तर कसे वागता? या तीन प्रश्नांना उत्तर नाही, म्हणून मुलगी मिळत नाही. मुली माजल्या म्हणून नव्हे.

आता तरुण मुलांशी दोन शब्द, जरा कडक. कोणी मुलगी आवडली तर तो गुन्हा नव्हे. तिला माणसासारखे विचारावे, एकदा. ती "नाही" म्हणाली की तेथे गोष्ट संपली. स्टेशनावर तिची वाट पाहत उभे राहणे, मित्रांकडून निरोप धाडणे, फोनवर रात्रभर भंडावणे, तिचे छायाचित्र चारचौघांत फिरविणे, याला सिनेमात प्रेम म्हणतात. पाठलाग हा २०१३ पासून कायद्याने गुन्हा आहे, पण कायदा राहू द्या. नकार देणारी मुलगी तुमचा अपमान करीत नसते. ती खरे बोलत असते. आमच्या बहिणीला नाही म्हणता आले असते तर तिचा जन्म निराळा गेला असता, एवढे आठवा आणि घरी जा. वाईट वाटेल. आईजवळ बसा, शेतात जा, मित्राला सांगा. पुरुषाने रडू नये असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले आमच्या ऐकिवात नाही.

मुलींनो, तुमच्याकडेही एक मागणे आहे. जो मुलगा "माझ्यावर प्रेम असेल तर फोन दाखव, त्या मैत्रिणीशी बोलू नको, नोकरी सोड" असे म्हणतो, तो पुढे काय म्हणेल हे आजच कळते. त्याच्या रागाला काळजी समजू नका. आणि घरातले एक तरी माणूस, मावशी असो की आजी असो, असे धरून ठेवा की ज्याला सगळे सांगता येईल. सगळ्या बाजूंनी एकटे पडलेले माणूस पहिल्या गोड बोलणाऱ्याच्या मागे जाते.

वडीलमंडळी आता हलू लागली आहेत. तुम्हालाही सोडणार नाही. मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या जातीतले नाव घेऊन घरी आली की तुम्ही काय करता? जेवण बंद, फोन काढून घेणे, चार दिवसांत दुसरी सोयरीक. सज्ञान झालेल्या दोघांची संमती पुरेशी आहे, तिथे खाप-पंचायतीचा किंवा जमावाचा अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगून ठेवले आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने जातधर्म न पाहता लग्न लागते. वाळीत टाकणे हा आपल्या राज्यात २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण तुम्हाला तुरुंगाची भीती घालावयास आम्ही आलो नाही. तुम्ही जरूर चौकशी करा. मुलगा काम काय करतो, दारू पितो का, कर्ज किती, बापाशी कसा बोलतो, हे सगळे पाहा. तो तुमचा हक्क आहे आणि तुमच्या अनुभवाचा तरुणांना उपयोग आहे. पुष्कळदा पोरे चुकतात, हेही खरे. पण चुकीची सोयरीक आम्ही थोरांनीही थोड्या का केल्या? आमची चूक झाली तर ती नशीब, आणि तुमची झाली तर ते पाप, असा हिशेब कोणत्या वहीत बसतो?

मुलीला माहेरी परत येण्याची वाट मोकळी ठेवा. लग्नात पंचवीस पंगती उठविण्यापेक्षा, हे एक वाक्य तिला पाठवणीच्या आधी स्पष्ट सांगा: "रात्री-अपरात्री आलीस तरी दार उघडू, आणि तू सांगशील ते आधी ऐकू." आमच्या आईला हे वाक्य कोणी शिकविले नव्हते. आम्हास शिकवूनही त्या वेळी आले असते की नाही, देव जाणे.

जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजी गेले. अंत्ययात्रेत टिटवे धरण्यावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाईंनी ते आपल्या हाती घेतले आणि पुढे चालू लागल्या. पन्नास वर्षे शेजारी चाललेली बाई त्या दिवशी मागे कशी राहील? आम्ही हे वाचतो तेव्हा दर वेळी आम्हास कार्ल्याच्या त्या भिंतीची आठवण होते.

फार वेळ झाला. लोकलची वेळ होत आली आणि कामशेतकडची मंडळी उठण्याच्या बेतात आहेत. एक घरची बातमी सांगून बसतो. आमची नात तेवीस वर्षांची आहे, दवाखान्यात परिचारिका आहे. तिने एका मुलाचे नाव सांगितले आहे. तो आमच्या जातीचा नाही. येत्या रविवारी तो घरी येतो. पोहे तो येण्यापूर्वी आम्ही करणार आहोत, कांदा आम्ही चिरणार. नंतर दोघे ओटीवर बसून बोलतील आणि आम्ही गोठ्याचे मोडके दार नीट करीत बसू. आमच्या बहिणीलाही बोलावणे धाडले आहे. ती येते म्हणाली. मुलाला काय विचारावयाचे ते तीच विचारणार आहे.